माळेइतकाच लेकराचा नेम

(दिंडीच्या शतकपूर्ती सोहळ्यात दिंद्रुड येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



व्यासपीठावरच्या महाराज मंडळींना, विणेकऱ्यांना, मृदंगाचार्यांना, टाळकऱ्यांना, चोपदारांना, डोक्यावर तुळस आणि पाण्याचा हंडा घेऊन वर्षानुवर्षं चाललेल्या आमच्या आयाबहिणींना दंडवत. आणि समोर सतरंजीवर बसलेल्या, मधूनच पाणी प्यायला पळणाऱ्या लेकरांनाही दंडवत. लेकरांना दंडवत कशाला, असं कुणाच्या मनात आलं असेल तर थोडं थांबा. बोलणं तिथंच येणार आहे.

हे भाषण एकट्याचं नाही. आम्ही म्हणजे या दिंडीतली सात-आठ जुनी माणसं. कुणी विणा धरतं, कुणी स्वयंपाकाचा तंबू सांभाळतं, दोघांनी शाळेत खडू धरला, तिघांनी वीस-वीस हंगाम ऊस तोडला. तीन रात्री देवळाच्या ओट्यावर बसून काय बोलायचं ते ठरवलं आणि एकाला उभं केलं. म्हणून यात ‘मी’ नाही, ‘आम्ही’ आहे.

शंभर वर्षांत कुठं मुक्काम पडले, कुणी पंगती दिल्या, कुणी विणा कुणाच्या गळ्यात घातला, ते या ग्रंथात दुसरीकडं आलेलं आहे. आम्ही बोलणार आहोत ते घराबद्दल. दिंडी टिकली ती घरांमुळं. बापाच्या खांद्यावर बसून पोरानं पहिल्यांदा कळस पाहिला आणि त्या पोराचा बाप झाल्यावर त्यानं आपल्या पोराला खांद्यावर घेतलं, असा हा परमार्थ चालत आला. आता दिंडीकडं पाहा. पताका धरायला पोरं आहेत, नाही असं नाही. पण बहुतेक जण आजीचं नाहीतर आजोबाचं बोट धरून आलेली. माय-बापाचं बोट धरून चालणारं लेकरू शोधावं लागतं. हे असं का झालं आणि त्यावर आपल्या हातात काय आहे, एवढंच आज सांगायचं आहे.

कारण तुम्हाला ठाऊकच आहे. आपला बीड जिल्हा ऊसतोडीचा जिल्हा. १९७२च्या दुष्काळानंतर कोयता घेऊन पश्चिमेकडं जाणाऱ्यांची रांग वाढतच गेली. पुढं माजलगावला सिंदफणेचं पाणी अडलं, आपल्याकडंही ऊस उभा राहिला, तेलगावला कारखाना झाला. तरी कोरडवाहू माणसाच्या हातातला कोयता सुटला नाही. दसरा झाला की ट्रॅक्टर येतात. भांडीकुंडी, पाल, पिठाचा डबा, शेळी, कोंबडी, सगळं वर चढतं आणि गाव निम्मं होतं. सांगली, सातारा, कोल्हापूर, पुणे, सोलापूर, खाली कर्नाटकात बेळगावपर्यंत.

आणि कोयता म्हणजे काय? बाहेरच्याला वाटतं, हत्यार. आपल्याकडं कोयता म्हणजे जोडपं. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल मिळते ती जोडप्याला. नोकरीधंद्याला बाहेर गेलेल्या बाकीच्या घरांत बाप जातो, माय घरी राहते. इथं एका दिवशी दोघंही उठतात. मागं राहतं ते लेकरू आणि म्हातारी. नाहीतर लेकरू बरोबर जातं आणि त्याची शाळा मागं राहते. दोन्हीकडून काहीतरी तुटतंच.

आपण वारकरी, आपला हिशोब एकादशीचा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीची एकादशी धरा आणि पाडव्याच्या आधीची फाल्गुन वद्य एकादशी धरा. मध्ये अधिक महिना नसेल तर भरतात बरोबर बारा. बारा एकादशा माय-बाप एकीकडं आणि लेकरू दुसरीकडं. पहिलीतलं पोर दहावीला जाईपर्यंत अशा किती एकादशा झाल्या, ते घरी जाऊन मोजा.

कुणी म्हणेल, आम्ही ऊसतोडीला जात नाही, आमचं दुकान आहे, आमची मास्तरकी आहे, पोरगा पुण्याला कंपनीत आहे. बरं आहे. पण एका घरात राहून संध्याकाळी चार माणसं चार भिंतींना टेकून चार मोबाईल पाहत असतील, तर त्या घराच्या एकादशा कोण मोजणार? कोयता हातात नाही एवढाच फरक.

मग करायचं काय? लेकराशी नातं कसं ठेवावं, यावर आजकाल मोठमोठी शिबिरं होतात. आम्हाला मात्र उत्तर आपल्याच संप्रदायात सापडलं आणि ते एका शब्दाचं आहे. नेम.

वारकऱ्याला देवानं काय मागितलं? तप नाही, यज्ञ नाही, पैसा नाही. गळ्यात माळ, महिन्याच्या दोन एकादशा, वर्षाची वारी, रोजचा हरिपाठ. सगळं लहान, पण सगळं नेमाचं. ज्या दिवशी मन लागतं त्या दिवशीच हरिपाठ म्हणायचा असं आपण म्हणत नाही. मन लागो न लागो, वेळ झाली की टाळ हातात घ्यायचा. मन मागून येतं. लेकराचंही अगदी तसंच आहे. वर्षातून एकदा जत्रेत नेऊन शंभर रुपयांची खेळणी घेऊन दिली, त्यानं नातं बांधलं जात नाही. रोज दहा मिनिटं, त्याच वेळी, त्याच जागी, फक्त त्याच्यासाठी दिली, तर लेकरू त्या दहा मिनिटांवर दिवसभर उभं राहतं.

पंढरपूर मुळात कशामुळं झालं ते आठवा. पुंडलिक माय-बापाची सेवा करत होता. दारात देव आला. पुंडलिकानं काय केलं? वीट फेकली आणि म्हणाला, थांब. देव थांबला, अजून थांबलेला आहे. ही गोष्ट आपण नेहमी लेकरांना सांगतो, आई-बापाची सेवा करा म्हणून. आज ती आई-बापांना सांगतो. घरातल्या माणसाजवळ बसणं हे इतकं मोठं काम आहे की त्यासाठी देवालासुद्धा थांबायला सांगता येतं. मग लेकराजवळ बसताना मोबाईलला थांब म्हणता येत नाही का? एक वीट त्यालाही टाका. दहा मिनिटं उभा राहील.

आता हे दहा मिनिटांचे नेम कोणते, ते एकेक सांगतो. यातल्या एकालाही पैसा लागत नाही.

पहिला नेम हरिपाठाचा. दिवेलागणीला घरातली सगळी एका चटईवर बसायची. हरिपाठ पूर्ण झाला पाहिजे असाही हट्ट नको. लेकरू लहान असेल तर पाच अभंग म्हणा. पण टाळ त्याच्या हातात द्या. टाळ चुकला तर डोळे वटारू नका. चुकत चुकतच ठेका बसतो. मोठ्या माणसानं म्हणायचं आणि लेकरानं मागून म्हणायचं, हे रोज झालं की कधीतरी उलटं करा. त्यानं पुढं म्हणायचं आणि बापानं मागून. बाप आपल्या मागून म्हणतो हे पाहून त्या पोराची छाती केवढी होते ते पाहा.

दुसरा नेम भाकरीचा. माय भाकऱ्या थापायला बसली की लेकराच्या हातावर पिठाचा लहान गोळा ठेवायचा. त्याची चानकी त्यानंच थापायची, वाकडी झाली तरी तव्यावर टाकायची आणि बापानं ती मागून घ्यायची. ‘आज तुझ्या हातची दे,’ एवढं म्हणायचं. यात पोरगा-पोरगी असा भेद करू नका. आपला देव जनाबाईबरोबर दळायला बसला अशी कथा आपण सांगतो. ती जनाबाई शेजारच्या गंगाखेडची, आपल्याच मुलखाची. देवाला जात्याची लाज वाटली नाही, तर आपल्या पोराला पोळपाटाची का वाटावी?

तिसरा नेम चालण्याचा. वारकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. समोरासमोर बसवून ‘सांग, काय झालं?’ असं विचारलं तर लेकरू गप्प बसतं. बरोबर चालायला लागा, वावरात जाताना, बाजारातून येताना, विहिरीवर जाताना. एका वळणानंतर आपोआप बोलायला लागतं. चालताना कुणी डोळ्यांत पाहत नाही, त्यामुळं कठीण गोष्टही निघून जाते. वारीत अनोळखी माणूस दोन कोसांत आपल्या घरचं सगळं दुःख सांगून मोकळा होतो, ते कशामुळं? पाय चालतात म्हणून. म्हणून मोटारसायकल दारात असली तरी आठवड्यातून एकदा लेकराबरोबर पायी जा.

चौथा नेम खेळाचा. वारीत म्हाताऱ्या बाया फुगडी घालतात आणि आपण कौतुकानं पाहतो. घरी आल्यावर तीच बाई नातीबरोबर फुगडी घालत नाही. का? फुगडीत दोघींनी एकमेकींचे हात घट्ट धरावे लागतात आणि मागं झुकावं लागतं. एकीनं हात सोडला की दुसरी पडते. विश्वास म्हणजे काय हे लेकराला याच्याहून सोप्या रीतीनं शिकवता येत नाही. सागरगोटे आहेत, लगोरी आहे, कोडी घालणं आहे. बापानं हरायलाही शिकावं. लेकराला जिंकू देऊन मग ‘माझी पाळी’ म्हणून पुन्हा बसावं.

पाचवा नेम गोष्टीचा आणि ओवीचा. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रभर हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा केल्या. १९९६ साली आपल्या माजलगावातल्या बायांच्या ओव्याही ध्वनिमुद्रित झाल्या. शिकलेल्या माणसांना ज्या ओव्या इतक्या मोलाच्या वाटल्या, त्या आपल्या घरातल्या आजीला अजून पाठ आहेत. जातं आता फिरत नाही, पिठाची गिरणी आहे. पण आजी आहे. रोज एक ओवी नातवानं तिच्याकडून घ्यावी आणि वहीत उतरवावी. ज्या ओवीत त्याच्या बापाचं लहानपणीचं नाव आहे, ती पहिली उतरवावी. आपला बापही कधीतरी कुणाच्या मांडीवर होता, हे कळणंही नात्याचंच काम आहे.

एवढे पाच. पाचही करा असं आम्ही म्हणत नाही. एक निवडा, पण मोडू नका.

आता अवघड भाग. हे सगळं माय-बाप घरी असताना. बारा एकादशांचं काय?

जी लेकरं बरोबर जातात त्यांचं आधी बोलू. कोपीवर उजाडायच्या आत उठायचं, फडात जायचं, मोळ्या बांधायच्या, वाहायच्या, गाडी भरायची, अंधार पडल्यावर परत. त्यात वेळ कुठून काढणार, हे आमच्यातल्या तिघांना अंगानं माहीत आहे. पण चूल पेटते तेवढा वेळ तर असतोच. चुलीच्या उजेडात कोयत्याच्या मुठीनं मातीवर अक्षर काढता येतं. गाडी भरताना मोळ्या मोजायला लेकराला सांगता येतं. मोजायला लावा, उचलायला लावू नका. मोजणारं लेकरू उद्या हिशोब करेल. उचलणारं लेकरू उद्या कोयताच धरेल. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क दिला आहे. जिथं कोपी पडली तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत लेकराला बसवता येतं. आणि गावात हंगामी वसतिगृहाची सोय झाली असेल तर शाळकरी लेकरू मागं ठेवणंच बरं. मग ते मागं राहिलं की नेम फोनवर पाळावा लागतो.

फोनवर आपण काय बोलतो? ‘जेवलास का? अभ्यास केला का? आजीला त्रास देऊ नको. ठेव.’ झालं. लेकरू तिकडून ‘हं, हं’ म्हणतं. याला बोलणं म्हणत नाहीत, ही हजेरी झाली. त्यापेक्षा असं करा. लेकरानं शाळेच्या पुस्तकातलं एक पान फोनवर मायला वाचून दाखवायचं. मायला वाचता येत नसेल तर फारच उत्तम. वाचता न येणाऱ्या मायइतकं मन लावून दुसरं कुणी ऐकत नाही. तिनं मध्येच विचारावं, ‘मग पुढं काय झालं रे?’ त्या एका प्रश्नासाठी पोरगं दुसऱ्या दिवशीचं पान आधीच वाचून ठेवतं.

आणि एकादशी सोडू नका. घरात भिंतीवर दिनदर्शिका असते, तशीच एक कोपीवर न्या. दोन्हीवर बारा एकादशांना गोल करा. प्रत्येक एकादशीला तिकडं मायनं आणि इकडं लेकरानं एकेक खूण करायची. सहा वर्षांच्या पोराला सहा महिने कळत नाहीत. ‘लवकर येऊ’ हे तर त्याला मुळीच कळत नाही, आणि ते खरंही नसतं. पण बारातले पाच गोल झाले, सात राहिले, हे कळतं. वाट पाहणं मोजता आलं की सोसता येतं. आपण आषाढीची वाट वर्षभर कशी पाहतो? मोजूनच.

आता मागं राहणाऱ्या आजी-आजोबांना एक शब्द. अर्धं वर्ष तुम्हीच माय-बाप असता. त्यात कमीपणा मानू नका. पैठणच्या नाथ महाराजांचे आई-वडील लहानपणीच गेले. त्यांना आजोबा चक्रपाणींनी वाढवलं. आजोबांच्या हाताखाली वाढलेल्या त्या पोराचं पुढं काय झालं ते आपण पाहतोच. भर दुपारी गोदावरीच्या तापल्या वाळवंटात रडणारं परक्याचं लेकरू त्यांनी जातपात न पाहता कडेवर उचलून घेतलं, अशी कथा आहे. ज्याला लहानपणी कुणी कडेवर घेतलेलं असतं, त्याचेच हात असे पुढं होतात. मात्र आजी-आजोबांनी एक पथ्य पाळावं. ‘माय टाकून गेली’ असं लेकरासमोर चेष्टेतही बोलू नये. ‘माय तुझ्यासाठी गेली’ असंही सारखं म्हणू नये, त्याचं ओझं होतं. ‘माय कामाला गेली, पाडव्याला येईल,’ एवढंच सांगावं.

मग पाडवा येतो, पट्टा पडतो, ट्रॅक्टर वेशीत येतो. माय उतरते, हात पुढं करते आणि लेकरू आजीच्या मागं लपतं. ज्यांनी हे भोगलं त्या आया इथं बसलेल्या आहेत. सहा महिने वाळलेल्या उसाच्या पाल्यानं कापून घेतलेले हात, आणि ज्याच्यासाठी कापून घेतले तेच जवळ येत नाही. त्या वेळी काय करावं? ओढून घेऊ नये. खाऊची लाच देऊ नये. ‘विसरला वाटतं मायला’ असं चारचौघांत म्हणू नये.

ज्ञानोबा माउली रुसून, दार लावून झोपडीत बसले, तेव्हा धाकटी मुक्ताई बाहेर उभी राहिली. तिनं दार मोडलं नाही. ती बाहेरून बोलत राहिली, आणि आतून दार उघडलं. वयानं सर्वात लहान असलेल्या पोरीनं सगळ्या थोरांना हे शिकवून ठेवलं आहे. रुसलेलं दार आतूनच उघडावं लागतं. आपण फक्त बाहेर बसायचं, जवळ बसायचं.

आणि जवळ बसायला चैत्र-वैशाखासारखे महिने नाहीत. माय परत येते ते नेमके कुरडया-पापडांचे दिवस. गव्हाचा चीक शिजला की वाटी घेऊन पोरं घरभर फिरतात. पापडाच्या लाट्या करायला, वाळवण उलटायला, कावळे हाकलायला लेकराला सोबत घ्या. काम करता करता कोपराला कोपर लागतं. तिथूनच दार किलकिलं होतं. रात्री अंगणात बाज टाका. उकाड्यात घरात कुणाला झोप येते? वर उत्तरेकडं चार चांदण्यांचं बाजलं आणि त्यामागचे तीन चोर दाखवा. ‘तिकडं फडातून आम्हाला हेच दिसायचं, तुला इथून दिसायचं का?’ असं विचारा. आपण दोघं एकाच आभाळाखाली होतो, हे लेकराला तेव्हा पटतं.

हे सगळं गोड-गोड बोलणं आहे असं कुणाला वाटेल. मायबाप हो, यात जीवन-मरणाची गोष्ट आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत आपल्या जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या शंभर बायांमागं चाळीसहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. २००६चा कायदा आहे, पोरीला अठरा आणि पोराला एकवीस. कायदा कुणाला माहीत नाही असं नाही. पण सहा महिने वयात आलेली पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची, ही धास्ती माय-बापाच्या पोटात असते. त्या धास्तीतून घाईनं अक्षता पडतात. आणि जोडपं झालं की मुकादमाच्या वहीत एक नवा कोयता चढतो.

अशा वेळी पोरीला काय वाटतं, ते ती कुणाला सांगणार? जिचं बोलणं माय-बापानं लहानपणापासून रोज दहा मिनिटं ऐकलेलं आहे, ती पंधराव्या वर्षी म्हणू शकते, ‘आई, मला शिकायचंय.’ जिचं कधी ऐकलंच नाही, ती गप्प मान खाली घालते आणि आपण म्हणतो, पोरगी फार गुणाची. ते गप्प राहणं गुणाचं नसतं, सवयीचं असतं. म्हणून आम्ही भाकरीच्या गोळ्यापासून आणि फोनवरच्या पानापासून सुरुवात करा म्हणतो. आज तिची वाकडी चानकी गोड म्हणून खाल्ली, तर उद्या तिचं कडू बोलणंही आपल्या कानावर येईल. आणि गावात कुठं अशा लग्नाची तयारी दिसली तर १०९८ हा लहान मुलांच्या मदतीचा नंबर आहे. फोन करायला पैसे पडत नाहीत. दिंडीतल्या माणसानं तो पाठ करून ठेवावा.

आमच्या बाप मंडळींसाठी एक वेगळी गोष्ट. काही बापांना वाटतं, लाड करणं हे बायकांचं काम, बापानं धाकात ठेवावं. त्यांना एकच विचारतो. आपण देवाला काय म्हणतो? विठाई, विठूमाउली. कमरेवर हात ठेवून उभा असलेला पुरुष, आणि आपण त्याला आई म्हणतो. ज्ञानोबांनी १२९६ साली समाधी घेतली तेव्हा त्यांचं वय एकवीस. एकवीस वर्षांच्या त्या पोराला सातशेहून अधिक वर्षं सगळा महाराष्ट्र माउली म्हणतो. आपल्या संप्रदायात बापाला आई व्हायची परवानगी पहिल्यापासून आहे. पोराच्या पाठीवरून हात फिरवल्यानं मिशी खाली येत नाही.

आणि तुकोबारायांच्या उसाची कथा. कुणीतरी उसाची मोळी दिली, रस्त्यात पोरं जमली, तुकोबांनी वाटत वाटत नेली आणि घरी एकच ऊस उरला. पुढं घरात काय झालं त्यावर आपण कीर्तनात हसतो. आम्हाला मात्र आज पहिला भाग सांगावासा वाटतो. भर रस्त्यात एक माणूस थांबला आणि त्यानं एकेका पोराच्या हातात आपल्या हातानं ऊस दिला. आपण जन्मभर ऊस तोडतो. त्या उसाची गोडी साऱ्या देशाच्या चहात जाते. आपल्या लेकराच्या वाट्याला मात्र उसाचं कुसळ येतं. थोडी गोडी वाटेत थांबून त्याच्या हातावर ठेवायची, एवढाच त्या कथेचा आमच्यापुरता अर्थ.

२०२० आणि २०२१ साली करोनामुळं पायी वारी झाली नाही. पादुका एसटीनं पंढरीला गेल्या. आपण घरीच राहिलो. तेव्हा नेम मोडला का? नाही. अंगणात पताका लावली, घरातल्या घरात हरिपाठ झाला, लेकरांनी पाण्याची कळशी डोक्यावर घेऊन घराला प्रदक्षिणा घातल्या. तेव्हा एक गोष्ट कळली. माणूस वाटेला लागू शकला नाही तरी नेम वाट काढतो.

आता दिंडीनं काय करायचं? तीन रात्रींच्या बैठकीत आम्ही तीन गोष्टी ठरवल्या, त्या तुमच्यासमोर ठेवतो. पहिली, दसरा ते पाडवा या बारा एकादशांना संध्याकाळी देवळात मागं राहिलेल्या लेकरांचा हरिपाठ होईल आणि फोन लावून तो कोपीवरच्या माय-बापांना ऐकवला जाईल. हरिपाठ संपला की प्रत्येक लेकरानं दोन शब्द बोलायचे. दुसरी, आषाढीला दिंडी निघेल तेव्हा पहिला टप्पा माय-बाप-लेकरांचा. शाळा बुडवून लेकरू पंढरीला न्या असं आम्ही म्हणत नाही. पेरणीही असते. पण वेशीपासून पहिल्या विसाव्यापर्यंत प्रत्येक लेकरू आपल्या माय-बापाचं बोट धरून चालेल. आजीचं बोट त्या दिवसापुरतं मोकळं राहील. तिसरी, प्रत्येक लेकराला दिंडीत काम मिळेल. कुणाला पताका, कुणाला पाण्याची कळशी, कुणाला टाळांची मोजणी. ज्याला काम असतं त्याला वाटतं, ही दिंडी माझी.

आता सुरुवातीचा दंडवत. वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो. वय पाहत नाही, जात पाहत नाही, माउली म्हणतो आणि वाकतो. ऐंशी वर्षांचा म्हातारा आठ वर्षांच्या पोराच्या पायाला हात लावतो आणि पोरगंही त्याच्या पायाला हात लावतं. या दिंडीत शंभर वर्षं हे चाललं आहे. पण वेशीच्या आत आलो की आपण पुन्हा बाप होतो आणि ते पुन्हा पोरगं होतं. तो दंडवत घरात न्या. पायाच पडा असं नाही. लेकरू बोलायला लागलं की हातातलं काम थांबवून त्याच्याकडं तोंड करा. आम्ही सगळ्यांनी मिळून विचार केला, तेव्हा घरातला दंडवत याच्याहून वेगळा काही सुचला नाही.

एकशे एकाव्या वर्षी दिंडी निघेल तेव्हा आमच्यापैकी कोण असेल, कोण नसेल, ते पांडुरंगाला ठाऊक. विणा कुणाच्यातरी गळ्यात जाईलच. ज्याच्या गळ्यात जाईल ते पोर आत्ता या सतरंजीवर बसलेलं आहे. आज रात्री घरी गेल्यावर त्याच्या शेजारी बसा. दहा मिनिटं. उद्या पुन्हा.

बोला, पुंडलिक वरदे हरी विठ्ठल! राम कृष्ण हरी.